शंभरातली तीन अक्षरं

ओकलंडच्या त्या काचेच्या इमारतीत
मी रात्रपाळीचा पहारेकरी, रूफस टिलमन.
माझा बिल्ला पिवळा.
वर बसून कोड लिहिणाऱ्यांचा निळा.
पिवळ्याला कॉफी विकत घ्यावी लागते.
एवढं आधी सांगून ठेवतो.

मार्चात डिझाइन खात्यात एक पोरगी लागली,
ज्युनेल ब्रुसार्ड.
तिचे पणजोबा लुइझियानाहून आले होते, जहाजं बांधायला.
माझेही त्यासाठीच आले होते.
पहिल्याच दिवशी तिनं मला आडनाव विचारलं,
आणि दुसऱ्या दिवशी ते तिच्या लक्षात होतं.

मग नोकरभरतीचा मेळावा आला.
पोस्टर हवं, वरून हुकूम,
पोस्टरवर सगळ्या रंगांचे चेहरे हवेत, हसरे.
चेहरे कमी पडले.
तर ज्युनेललाच तीनदा उभं केलं,
एकदा चष्मा, एकदा लाल स्वेटर, एकदा केस वर बांधून.
तरी डावी बाजू रिकामी दिसत होती म्हणून
मला खालून बोलावलं.
फोटोग्राफर म्हणाला, बिल्ला तेवढा काढा.
मी काढला.
हसा, म्हणाला.
तेही केलं.

ते पोस्टर तिनं छापायला पाठवलंच नाही.

एप्रिलातल्या एका रात्री ती खाली आली,
हातात मोजपट्टी.
म्हणाली, मिस्टर टिलमन, या भिंतीवर ऊन कधी येतं?
अकरा वर्षं मी त्या इमारतीत आहे.
दार उघडा, पार्सल घ्या, सही करा,
एवढंच मला विचारत आले सगळे.
मी म्हटलं, सहा वाजून वीस मिनिटांनी,
टेकडीवरून, तिरपं. बाराएक मिनिटं राहतं.
तिनं ते वहीत लिहून घेतलं.

तिनं केलं ते असं:
कंपनीचंच एक वाक्य घेतलं, भरतीच्या पानावरचं,
आमचं दार सगळ्यांना उघडं आहे, वगैरे.
मोजून शंभर अक्षरं.
इथल्या शंभर इंजिनियरांमागे एक एक अक्षर.
सत्त्याण्णव अक्षरं शाईविना, पांढऱ्या कागदात नुसती दाबलेली.
तीन काळी.
एक सुरुवातीला, एक कुठेतरी मधे,
आणि तिसरं अगदी कडेला, पडेल की काय असं.

दिवसभर निळे बिल्ले समोरून गेले.
कुणी म्हणालं, छपाई बिघडली.
कुणी म्हणालं, फार छान, मोकळी जागा किती आहे!
भरतीच्या बाई थांबल्या,
तीन अक्षरं जोडून शब्द होतो का ते पाहिलं.
होत नव्हता.

सकाळी सहा वीसला मात्र
ऊन कागदावर आडवं झालं
आणि प्रत्येक अक्षराला सावली फुटली.
अख्खं वाक्य उभं राहिलं.
सोकोरो पोछा धरून तशीच थांबली,
पाववाला क्रेट खाली ठेवून ओठ हलवत वाचू लागला.
वाचणारे आम्ही तिघेच, आणि तिघेही पिवळे.
सोकोरो म्हणाली, सुंदर आहे,
आणि खोटं आहे.
मग तिनं फरशी पुरी केली. वेळ झाली होती.

पुढच्या आठवड्यात ज्युनेलनं साहेबांना सहा वीसची वेळ दिली.
साहेब आले, जांभई देत.
बारा मिनिटं पाहिलं.
ऊन गेल्यावर म्हणाले,
कल्पना चांगली आहे, पण वाचायला त्रास होतो.
ती म्हणाली, हो.
आणखी काही बोलली नाही.
मी लिफ्टचं बटण दाबून उभा होतो.

समिती नेमली. समितीचं बोधचिन्ह ठरलं.
पोस्टर आता दुसऱ्या मजल्याच्या बोळात आहे,
तिथे ट्यूबलाइट आहे, ऊन नाही.
ज्युनेल जूनमध्ये सोडून गेली, सॅक्रामेंटोला.
जाताना एक प्रत माझ्या हातात देऊन गेली.

ती घरी आहे. माझा भाचा डेस्मंड,
प्रोग्रॅमिंग शिकलाय, एकोणीस ठिकाणी अर्ज केलेत,
कागदावर बोट फिरवत बसतो,
दिवा न लावता वाचतो.
काल त्यानं विचारलं, मामा, या तिनांतला तू कुठला?
म्हटलं, यात मी नाही.
पिवळे शंभरात धरत नाहीत.

तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, भिंतीवर लावलं कुणी होतं?

खिळा मी ठोकला होता.
शिडीही माझीच.